टेकचंदची दुसरी काच

मी बोलतोय ते एका लहान आरोग्य केंद्राच्या खिडकीजवळच्या टेबलावरून. मी मायक्रोस्कोप. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगतो. रक्ताचा थेंब कितीही निर्मळ दिसला तरी शंभर ठिकाणी नजर फिरवल्याशिवाय मी कुणाला 'काही नाही' म्हणू देत नाही.

मी आलो तेव्हा इथे मला वापरणारं कुणी नव्हतं. दोन पावसाळे खोक्यातच गेले, भिंगावर बुरशीचे धागे चढले. मग कुडवा गावची रविता लॅब टेक्निशियन म्हणून आली. तिनं मऊ कापडानं एकेक भिंग पुसलं आणि मला उजेडाकडे वळवून बसवलं.

नवेगाव बांधच्या तलावामागं पाणटोला आहे. बावीस घरं. पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणी, जायला-यायला फक्त डोंगा, खोडाची लहान होडी. तिथल्या आशा कार्यकर्त्या पुष्पाबाई. भाद्रपदात त्यांनी टेकचंदच्या रक्ताची काच आणली. टेकचंद धानाचा शेतकरी, तापानं फणफणलेला. त्याच्या तांबड्या पेशींत मला बारीक निळ्या अंगठ्या दिसल्या. हा मेंदूपर्यंत जाणारा मलेरिया. तीन दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप उतरला, पुढची काच स्वच्छ आली.

एकविसाव्या दिवशी तो बायकोचा, गोमतीचा, आधार घेत पुन्हा दारात उभा राहिला. तोच ताप. पुष्पाबाई सोबत होत्या.

"गोळ्या अर्धवट सोडल्या असतील," डॉक्टर योगराज म्हणाले.

"मी काऊन सोडीन, साहेब? जीव माहा आहे."

"तिन्ही दिवस माह्या डोयासमोर गिळल्या त्यानं," पुष्पाबाई म्हणाल्या. "मी डोंग्यानं जाऊन देल्या. कार्डावर सही आहे माही."

"सही काय, कुणीही करतं."

पुष्पाबाईंनी पदर सावरला.

रवितानं नवी काच माझ्याखाली सरकवली. बराच वेळ पाहिलं. "सर, जंतू आहेत."

"केळीच्या आकाराचे असतील. ते गोळ्यांनंतरही काही दिवस राहतात. त्यांनी ताप येत नाही."

"केळी नाहीत, सर. अंगठ्या आहेत."

डॉक्टर वाकले, पाहिलं आणि म्हणाले, "यंत्र जुनं आहे. काचेवर लावलेल्या रंगाचा कचरा असेल."

त्या क्षणी मला माझाच संशय आला. बुरशी परत चढली की काय? पण रवितानं ताजा रंग कालवला, दुसरी काच केली. अंगठ्या तिथेच होत्या.

"मग नवा डास चावला असेल, नाहीतर गोळ्या चुकल्याच," डॉक्टर म्हणाले. हे मात्र मला खोडता येईना. जुना जंतू उरला की नवा आला, माझ्या भिंगातून दोन्ही सारखेच दिसतात. टेकचंदला दुसरं औषध सुरू झालं. पण त्याच दिवशी डॉक्टरांचं पुष्पाबाईंबद्दलचं पत्रही वर गेलं: गोळ्या समोर न देता सही केल्याचा संशय. त्यांच्याकडची औषधं काढून घेतली.

रवितानं पहिली काच जपून ठेवली होती. जंतू जुनाच की नवा हे कळावं म्हणून ती, ताप परतल्यावरची दुसरी काच आणि कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब तिनं मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर यायला महिना लागला.

त्या महिन्यात टोल्यातली माणसं म्हणू लागली, गोळ्याच नकली आहेत. कुणी ताप सांगेना. पुष्पाबाईंकडे द्यायला काही नव्हतं. पाच महिन्यांच्या गरोदर गोमतीला ताप भरला. तिनं दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी ती बरळू लागली, तेव्हा टेकचंदनं तिला डोंग्यात घातलं. तिची काच मी पाहिली. एवढ्या अंगठ्या मी कधीच पाहिल्या नव्हत्या. तिला तसंच गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. पोटातलं बाळ वाचलं नाही.

मग अहवाल आला. टेकचंदच्या दोन्ही वेळच्या रक्तातला जंतू एकच होता. त्या गोळ्यांना तो दाद देत नव्हता, आणि पाण्यानं कोंडलेल्या टोल्यात तोच डासामार्फत घरोघर फिरत असणार.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि स्वतः डोंग्यानं टोल्यावर गेले. रविता सोबत होती. परत आल्यावर तिनं नर्सला सांगितलं ते मी ऐकलं. डॉक्टर म्हणाले, "पुष्पाबाई, चूक माझी झाली." त्या एवढंच बोलल्या, "मले सांगून का होते, साहेब? गोमतीले सांगा." डॉक्टर गोमतीच्या अंगणात गेले. ती दारातून उठून आत गेली.

पुष्पाबाईंना काम परत मिळालं. टोल्याला आता वेगळं औषध जातं. त्या काच आणतात, रविताच्या हातात देतात, डॉक्टरांशी कामापुरतंच बोलतात.

आता पंधरा मिनिटांत मलेरिया आहे की नाही ते सांगणारी पट्टी आली आहे, मी बराच वेळ कापडाखाली असतो. पण गोळ्या संपल्यावर ती पट्टी मेलेल्या जंतूलाही 'आहे' म्हणत राहते. तेव्हा कापड काढा आणि मला विचारा. संशय जरूर घ्या, तो माझा धंदाच आहे. फक्त आधी माझ्यावर घ्या, मग गोळीवर. आजारी माणसावर सगळ्यात शेवटी.