सरळ केलेले पट्टे

वीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेल्या बाईला वाकडं काही बघवत नाही. दुसऱ्याच्या घरातलं कॅलेंडर तिरकं दिसलं तरी ती हातातला कप खाली ठेवते, उठते आणि ते सरळ करून येते. मग घरमालकीण काय समजायचं ते समजो. त्यामुळे पहिल्याच लांबच्या खेपेला तिने जो घोळ घातला, त्याचं तिला ओळखणाऱ्या कुणालाच नवल वाटलं नसतं. नवल वाटावं असं जे झालं, ते त्यानंतर झालं.

खेप तशी साधी होती. लाकडाच्या वखारीतून ताज्या कापलेल्या लांब फळ्या उचलायच्या आणि सव्वापाचशे किलोमीटरवरच्या एका बांधकामावर नेऊन उतरवायच्या. गाडी म्हणजे पुढे केबिन आणि मागे चाळीस फुटांचा सपाट ट्रेलर. त्याला ना भिंती, ना छप्पर. अशा गाडीत माल नुसता ठेवून भागत नाही, तो बांधावा लागतो, आणि बांधलेला माल हीच ड्रायव्हरची अब्रू.

सकाळी वखारीत काका आले होते. काका म्हणजे कंपनीतले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. त्यांच्या शेजारी बसूनच ती दोन महिने गाडी शिकली. त्यांची स्वतःची गाडी दुसऱ्या दिशेला निघायची होती, तरी वाट वाकडी करून ते आले. शिकताना सगळा लोखंडी माल वाहिलेला, साखळ्यांनी बांधलेला. रुंद कापडी पट्ट्यांशी तिची ही पहिलीच गाठ. दोघांनी मिळून फळ्यांवरून आठ पट्टे टाकले, एका बाजूला आकड्यात अडकवले आणि दुसऱ्या बाजूला खटक्याचा दांडा वरखाली करत आवळले. काकांचे हात भराभर चालत होते. पट्टा टाकताना ते मनगटाला एक झटका द्यायचे, की पट्ट्याला एक पीळ पडायचा.

"पन्नास किलोमीटरवर थांब आणि सगळे पुन्हा आवळ. लाकूड दबून बसतं," काका म्हणाले. "बाकी तुला सगळं येतं, पोरी."

पिळाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. जी गोष्ट माणूस पस्तीस वर्षं न बघता करत आलाय, ती कुणाला सांगायची असते हे त्याच्या डोक्यातही येत नाही.

ही गाडी आधी तिचा नवरा चालवायचा. बावीस वर्षं. कंपनीत त्याला सगळे उस्ताद म्हणत. मग त्याचा मणका सरकला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हिंडता-फिरता येईल, पण अवजड गाडी आता विसरा. तो काही विसरला नाही, त्याने फक्त गाडीचा विषय बंद केला. एरवी घरात तोंड चालू असायचं. भाजीत मीठ कमी आहे, मुलीच्या खोलीतला पंखा किरकिरतोय, शेजाऱ्याने पुन्हा जिन्यात सायकल लावली. पण गाडीचं नाव निघालं की मिठाची गुळणी धरून बसायचा. अवजड गाडीचा परवाना काढते असं तिने सांगितलं, तेव्हा तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. कंपनीने तिला त्याचीच गाडी दिली, तेव्हा तिला वाटलं, आता तरी विचारेल. दुसरा गिअर अजून अडतो का, एवढं जरी विचारलं असतं तरी तिला पुरलं असतं. ऑपरेशनला आठ महिने झाले. त्याने ब्र काढला नव्हता.

त्या सकाळी ती निघाली तेव्हा तो खिडकीशी पाठमोरा उभा होता. "अडलंच काही, तर काकांना फोन कर," एवढंच म्हणाला.

काकांना! हे वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. दाराबाहेर पडता पडता तिने मनाशी ठरवून टाकलं की आता काहीही होवो, रस्त्यावरून घरी मदतीचा फोन करायचा नाही. त्याच्या वजनाने सीटला एक खड्डा पडला होता. त्यावर तिने स्वतः शिवलेली उशी टाकली होती, तरी खड्डा जाणवायचाच. गाडी चालू करताना ती त्या खड्ड्यात बसली आणि तिला रडू आलं. मग तिने नाक पुसलं आणि पहिला गिअर टाकला.

पन्नास किलोमीटरवर ती थांबली. सांगितलेलं ऐकणारी बाई. पट्टे आवळायला गेली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. आठच्या आठ पट्टे पिळलेले! काका म्हातारे झाले, घाईत बांधलं बिचाऱ्यांनी, असं तिला वाटलं. कमरपट्टा असा पिळून शिवला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता. तिने एकेक पट्टा सैल केला, पीळ काढला, तळहाताने सपाट केला आणि पुन्हा आवळला. पाऊण तास मोडला, कंबर मोडली, पण शेवटी आठ पट्टे इस्त्री केल्यासारखे दिसायला लागले. तिने लांब जाऊन फोटोही काढला. कुणाला पाठवायचा हे काही सुचलं नाही, म्हणून फोन खिशात टाकला.

आवाज सुरू झाला तो मोठ्या रस्त्याला लागल्यावर. आधी वाटलं, केबिनमध्ये माशी शिरली असावी. तिने दोन्ही काचा खाली केल्या, तर आवाज वाढला. घुंऽऽऽ. वेग साठला गेला की सूर चढायचा, चाळीसला आला की गप्प. ती बाजूला थांबली. बारा चाकं हात लावून बघितली, ट्रेलरखाली वाकून बघितलं, बॉनेट उघडून इंजिनाकडे थोडा वेळ जाणकारासारखी पाहत राहिली. सगळं जागच्या जागी. निघाली, तर पुन्हा घुंऽऽऽ. पुन्हा थांबली. थांबलेली गाडी कशाला गुणगुणेल?

तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मात्र तिने पट्टे चाचपले. पुढून तिसऱ्या पट्ट्याखाली तिचा अख्खा हात गेला. तासाभरापूर्वी बोटही जात नव्हतं. आणि जिथे पट्टा फळीच्या कडेवरून खाली वळत होता, तिथे त्याचे धागे सुटून लव आली होती. कापडाला अशी लव घासल्याशिवाय येत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण काय घासतंय? कशावर? तिने पट्टे पुन्हा आवळले आणि काकांना फोन लावला. फोन बंद. पाच मिनिटांनी लावला, तरी बंद. काका गाडी चालवताना फोन बंद ठेवतात, हे उभ्या कंपनीला माहीत होतं, आणि उस्तादला तर सगळ्यांत आधी माहीत असणार.

हळूहळू ती निघाली. चाळीसने गेलं तर आवाज नाही, पण मग बांधकामावर पोचायला उद्या उजाडेल. तिने वेग वाढवला, तसा तो सूर पुन्हा आला. आरशात मागे एक लहानशी गाडी दिसत होती, मागच्या काचेला रंगीत पडदा लावलेली, आत कुणाचं तरी अख्खं कुटुंब. पट्टा सुटला तर फळ्या नेमक्या तिथे जातील. तिने वेग कमी करून त्या गाडीला पुढे जाऊ दिलं. आपला हट्ट घरी ठेवून यायला हवा होता, असं ती स्वतःलाच मोठ्याने म्हणाली आणि समोरच्या स्टँडवर लावलेल्या फोनवरून घरी फोन केला.

फोन मुलीने उचलला. पंधरा वर्षांची, सुट्टीमुळे घरी.

"आई! पोचलीस?"

"कुठली पोचतेय! बाबांना दे."

पलीकडे कुजबुज झाली. मग मुलगी म्हणाली, "ते म्हणतायत काकांना विचार."

"काकांचा फोन बंद आहे, आणि ते त्यांना माहितीये. तू फोन स्पीकरवर टाक आणि त्यांच्या कानाशी धर. त्यांना बोलायचं नसेल तर नको बोलू देत. नुसतं ऐकू देत."

तिने दोन्ही काचा खाली केल्या आणि गाडी साठला नेली. घुंऽऽऽ केबिनभर झालं. एवढ्या आवाजात पलीकडची कुजबुज कळत नव्हती.

"पट्टे सरळ केलेस?"

नवऱ्याचाच आवाज, त्या घुंऽऽऽच्याही वर चढलेला. ती इतकी दचकली की स्टिअरिंग हललं.

"हो. सगळे पिळलेले होते."

"पिळलेले नव्हते, पीळ दिलेला होता! अगं, सपाट पट्टा वाऱ्यात थडथडतो. बघून कळत नाही, पण थडथडतो. त्याने खटका ढिला होतो, कडेला कापड झिजतं. म्हणून एक पीळ द्यायचा, म्हणजे वारा धरत नाही. काकांनी सांगितलं नाही?"

"नाही."

"म्हातारा कधी काही सांगत नाही. मलाही नव्हतं सांगितलं. मीही पीळ काढले होते. पहिल्या खेपेला. सगळे."

तिला हसू फुटलं. बावीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्याने कधी सांगितली नव्हती.

"हसतेस काय? चाळीसवर ये आधी. आत्ता काय दिसतंय?"

"उजवीकडे पाण्याची टाकी. निळी."

"पुढे पूल लागेल. पूल ओलांडलास की डावीकडे जुना वजनकाटा आहे, बंद पडलेला. तिथे जागा मोठी आहे, आत घे. आणि कुठल्या पट्ट्याला लव आली असेल, तर तो काढून टाक. सीटमागच्या पेटीत तळाशी एक जादा आहे, गोणपाटात गुंडाळलेला. मीच ठेवलाय."

पूल आला, वजनकाटाही आला. पेटीच्या तळाशी गोणपाट होतं आणि गोणपाटात नवा कोरा पट्टा. फोन चालू ठेवून तिने आठही पट्टे सोडले आणि प्रत्येकाला एकेक पीळ देऊन पुन्हा बांधले. तो मध्येच विचारायचा, कितवा झाला, खटका नीट बसला का, खाली बोट जात नाही ना बघ. मुलगी कधीच फोन त्याच्या हातात देऊन निघून गेली होती. ऊन वर आलं होतं, तिच्या पाठीवरून घाम वाहत होता, आणि इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

ती पुन्हा रस्त्याला लागली. चाळीस, पन्नास, साठ. आवाज नव्हता.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला."

"छान."

आता तो फोन ठेवणार, आणि घरी गेल्यावर पुन्हा मीठ आणि पंखा, असं तिच्या मनात आलं. "बरं, ठेवते," ती म्हणाली. "चढ येतोय."

"नको," तो घाईने म्हणाला. "थोडा वेळ राहू दे. इंजिन ऐकू दे जरा."

तिचे डोळे भरून आले. आठ महिने तिला वाटत होतं की हा आपल्यावर रुसलाय. तो रुसला नव्हता, त्याला गाडीची आठवण असह्य होत होती, आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती. तिने काही विचारलं नाही. वाऱ्याचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून दोन्ही काचा वर केल्या आणि फोनचा स्टँड इंजिनाच्या बाजूला वळवला.

चढ सुरू झाला. गाडी जड झाली, इंजिनाचा सूर उतरायला लागला. आता खालचा गिअर टाकायचा, हे तिच्या हाताला कळलं होतं; काकांनी तेवढं नक्की शिकवलं होतं. हात गिअरवर गेला, पण तिने तो तसाच ठेवला आणि वाट पाहिली.

"घे," तो म्हणाला. "आता खाली घे."

"घेते," ती म्हणाली, आणि तिने गिअर बदलला.