खांद्याला मानवलेली

मी एक शिकारीची बंदूक बोलतेय. दचकू नका. माझ्या पोटात आत्ता काडतूस नाही, काडतूस आत ढकलणारा माझा बोल्टही काढून वेगळा ठेवलाय. उत्तरेच्या थंड मुलखात, हार्डांगरच्या खाडीकाठी, सफरचंदाच्या बागेतल्या एका घरात, लोखंडी कपाटात मी उभी आहे. बोलायला सवड आहे म्हणून बोलतेय.

माझा जन्म फिनलंडमधल्या एका कारखान्यातला. पोलादी नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. माझी गोळी बारीक आणि लांबट. हरणाला ती पुरेशी होते आणि चालवणाऱ्याच्या खांद्याला धक्का मात्र बेताचाच बसतो. हा माझा गुण आहे, असं मला बरीच वर्षं कुणी सांगितलंच नाही.

पहिल्यांदा मला बर्गनच्या एका दातांच्या डॉक्टरने घेतलं. शिकारीचे बूट, शिकारीची टोपी आणि मी, अशी एकदमच खरेदी झाली. त्या शरदात तो दोनदा जंगलात गेला, चिंब भिजला आणि परत कधी गेला नाही. तळघराच्या ओलीत माझ्या नळीवर गंजाचा एक ठिपका उमटला. तो अजून आहे. पुढे त्याने मला विकून टाकलं आणि मी तोर्लायव्हच्या दुकानात, जुन्या बंदुकांच्या रांगेत येऊन उभी राहिले.

दुकानातून माणसं चांगली दिसतात. नवशिके यायचे आणि थेट सगळ्यात थोरल्या बंदुकीकडे जायचे. ती उचलून आधी आरशात स्वतःला बघायचे. "ही किती लांबून मारते?" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. "हिने माझा नेम नीट लागेल का?" असं विचारणारं कुणी येत नव्हतं. मला हातात घेऊन ते म्हणायचे, "ही बायकांची दिसते," आणि परत ठेवून द्यायचे.

मग एक दिवस खरोखरच एक बाई आली. उंचीने बेताची, पन्नाशीकडे झुकलेली, उजव्या भुवईवर ताजी पट्टी. तिचं नाव ओड्नी.

त्या पट्टीची कथा मला नंतर कळली, तीही दुसऱ्या एका बंदुकीकडून. ओड्नीचा नवरा आयविंद हा त्या खाडीवरचा नावाजलेला शिकारी. त्याची बंदूक त्याच्या बापाची, एल्कसारखं घोड्याएवढं हरीण लोळवणारी. तिच्याच शेजारी पुढे मी कपाटात उभी राहिले. तिने मला सांगितलं ते असं. आयविंदच्या हातांना कंप सुटला. आधी कॉफीचा कप हिंदकळायला लागला, मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हा वाढतच जाणार हेही सांगितलं. इकडे हरणं बागेत उतरत होती. थंडीत सफरचंदाच्या कोवळ्या झाडांची साल सोलून खायची, की वसंतात ते झाड उभ्या उभ्या वाळलेलं. कुंपण घालण्याजोगी बाग नव्हती, सगळी उतारावर पसरलेली. घरात शिकार करणारं कुणीतरी हवंच होतं.

"तू शीक," आयविंद बायकोला म्हणाला. "बंदूक आहेच. बाबांची."

ओड्नीने शिकाऱ्यांचा अभ्यासवर्ग पुरा केला आणि ती थोरली बंदूक घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेली. पहिल्याच बाराला बंदुकीने अशी लाथ मारली, की वर बसवलेल्या दुर्बिणीची कड तिच्या भुवईत घुसली. रक्त पुसून तिने पुन्हा नेम धरला. पण आता चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटायला लागले. शिकारीला जाण्याआधी नेमबाजीची जी परीक्षा दरवर्षी पास व्हावी लागते, तिच्यात ती नापास झाली.

म्हणून ती तोर्लायव्हकडे आली होती. आयविंद बाहेर गाडीत बसून राहिला, आत आलाच नाही.

"हरणासाठी बंदूक हवीय," ती म्हणाली. "नवशिकी आहे. आणि आधीच सांगते, मला बाराची भीती बसलीय."

तोर्लायव्ह हसला. "बाई, भितात सगळेच. फक्त ते कबूल न करता मोठी बंदूक घेऊन जातात. ये."

त्याने तीन बंदुका फळीवर मांडल्या. पहिली पिसासारखी हलकी होती. ओड्नी खूश झाली, पण तो म्हणाला, "डोंगर चढताना हिच्यासारखी दुसरी नाही. पण बंदूक जितकी हलकी तितकी लाथ जोरात." दुसरी उचलताना तिचे दंडच थरथरले. तिसरी मी.

"डोळे मीट. आता खांद्याला लाव, गाल टेकव. उघड डोळे. काय दिसतं?"

"समोरचं घड्याळ. पूर्ण."

"कडेला काळी सावली?"

"नाही. पण मान थोडी ताणली गेली."

"दस्ता लांब पडतोय तुला. कापून देतो." मग त्याने माझ्यावरची भलीमोठी दुर्बीण काढली आणि साधी लहान बसवली. "तुला तारे बघायचे नाहीत."

ओड्नी घुटमळली. "पण हिने मरेल ना हरीण? आयविंद म्हणतो, असल्या गोळीने..."

"आडवं, म्हणजे कूस आपल्याकडे करून उभं असताना, जवळून, पुढच्या पायामागे बरगडीत लागली तर जागीच बसेल. पोटात लागली तर मोठ्यातली मोठी गोळीसुद्धा त्याला नुसतं पळवते, हाल हाल करून. तू मिटल्या डोळ्यांनी तोफ डागण्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी ही चालव."

गाडीत मला मागच्या बाकावर ठेवलं. 

"पोरांची बंदूक आणलीस," आयविंद म्हणाला. "माझ्या बापाची तुला जड झाली."

"जड नाही झाली रे. मला तिची भीती वाटते. आणि भ्यालेल्या हाताने मारलेलं हरीण मरत नाही, नुसतं भोगतं. हे तूच शिकवलंस ना मला?"

 तो खिडकीबाहेर बघत राहिला. हात मांडीखाली दाबून धरले होते, तरी गुडघे हलत होते.

तो सगळा उन्हाळा आम्ही मैदानावर घालवला. सुरुवातीला माझ्यात काडतूस नसताना चाप ओढला तरी ओड्नीचे डोळे मिटायचे. हळूहळू ते उघडे राहू लागले. माझा धक्का तिच्या खांद्याला ओळखीचा झाला आणि ती परीक्षा पास झाली. त्या दिवशी तिने मला पुसलं तेव्हा गुणगुणत होती.

शरदात पहिल्या शिकारीला आयविंद आमच्याबरोबर आला. घरी बसवेना त्याला. कुरणाच्या कडेला, बर्चच्या झाडाशी आम्ही बसलो. उजाडलं आणि झाडीतून एक थोरला नर बाहेर आला. मानेवर दाट आयाळ, शिंगांवर दव.

"मार," आयविंद पुटपुटला.

ओड्नीने मला खांद्याला लावलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. पण नराच्या मागेच, अर्धी झुडपात, एक मादी उभी होती. गोळी आरपार गेली असती तर तिलाही लागली असती. ओड्नीचं बोट चापावर गेलंच नाही.

"अगं मार ना!"

नराने मान वळवली आणि दोघंही झाडीत दिसेनाशी झाली.

"मागे मादी होती," ओड्नी म्हणाली.

"सरकली असती ती! जरा कळ काढायची! असला नर हातचा घालवलास. बंदूक बदललीस, काळीज कुठून आणणार?"

ओड्नीने मला रिकामी करून खांद्याला अडकवलं. घरापर्यंत ती पुढे, तो मागे.

दुसऱ्या सकाळी ओड्नी सफरचंदाचा रस काढायच्या खोपीत होती. आयविंद कपाटापाशी आला. किल्ली भोकात जायला वेळ लागला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बापाची बंदूक उचलली आणि गेला. त्या वर्षी त्याने परीक्षा दिलीच नव्हती, कारण पास होणार नाही हे त्याला माहीत होतं.

थोड्या वेळाने बागेच्या वरच्या अंगाला बार झाला. ओड्नी धावत आत आली आणि तिने कपाटातली रिकामी जागा बघितली. मला उचललं आणि ती चढणीला लागली.

आयविंद बागेच्या बांधावर एका दगडावर बसला होता. चेहरा पांढराफटक.

"मादी होती. पाडसासकट," तो म्हणाला. "पोटात लागली. ओड्नी, मी... हात..."

ती ओरडली नाही. तिने शेजारच्या गुनवोरला फोन केला. जखमी हरणाचा माग काढणारा कुत्रा गुनवोरकडे होता. आली तेव्हा ती इतकंच म्हणाली, "लगेच नको जायला. मागे लागलो तर ती आणखी पळेल. बसू दे तिला."

ते थांबणं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब. थर्मासमधली कॉफी कुणीच प्यायलं नाही.

मग कुत्रा पुढे निघाला, नाक जमिनीला लावून. नेच्यांवर रक्ताचे काळपट थेंब होते. ओढ्याच्या काठी शेवाळात ती मादी पडलेली सापडली. जिवंत होती. आमची चाहूल लागताच तिने उठायचा प्रयत्न केला, पण मागचे पाय उचलेनात. पाडस तिच्याजवळच उभं होतं.

गुनवोरने कुत्र्याला आवरून धरलं. ओड्नीने गुडघा टेकला, माझा दस्ता खांद्यात घट्ट बसवला. तिचे डोळे उघडे होते. बार झाला आणि मादीची मान शांतपणे शेवाळावर टेकली.

पाडस पळालं, थोड्या अंतरावर थांबलं आणि आईकडे परत येऊ लागलं.

"ते आईशिवाय हिवाळा काढणार नाही," गुनवोर हळू आवाजात म्हणाली.

"माहीत आहे," ओड्नी म्हणाली. ते आडवं उभं राहीपर्यंत ती थांबली. दुसरा बार झाला. मग तिने माझा बोल्ट उघडला, नळी रिकामी केली, मला झाडाला टेकवलं आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. अभिमानाने सांगावी अशी माझी कामगिरी हीच, आणि ती सांगताना मला अभिमान वाटत नाही.

आयविंद मागे उभा होता. तो मादीपाशी गेला, टोपी काढली. मग आपल्या बापाच्या बंदुकीचा बोल्ट काढून त्याने ओड्नीच्या हातात ठेवला.

"हा तुझ्याकडे ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस."

शिकारीच्या गटप्रमुखाला त्याने स्वतः फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी त्याने पहिल्यांदा मला हातात घेतलं. फडक्यावर तेल ओतलं आणि नळी पुसायला बसला.

"दे इकडे, सांडवशील," ओड्नी म्हणाली.

"राहू दे. या हातांना हलत बसायचंच आहे, तर निदान तेल तरी नीट पसरेल." दोघंही थोडंसं हसली.

त्यानंतर कितीतरी शरद तो आमच्याबरोबर बसला. वारा कुठून येतोय, हरणं कुठल्या वाटेने उतरतील, हे तो सांगायचा आणि ओड्नी मला सांभाळायची. "मार" हा शब्द त्याने पुन्हा उच्चारला नाही. कधी कधी अख्ख्या शरदात मी एकदाही वाजले नाही, आणि त्याबद्दल त्याने कुरकूर केली नाही. एका वसंतात बाग फुलावर आलेली असताना तो गेला.

आता ओड्नीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. यंदा परीक्षेला गेलीच नाही ती. परवा गुनवोरची सून मायकेन आली होती, तिला शिकार शिकायचीय. उंच, लांब हातांची मुलगी. मला खांद्याला लावून म्हणाली, "चालेल की! सवय होईल. मावशी, तुमची आठवण म्हणून वापरीन."

ओड्नीने मला तिच्या हातातून काढून घेतलं. "नाही गं. आठवण म्हणून फोटो ने. बंदूक तुझ्या मापाची घे."

म्हणून मी इथेच आहे. ओड्नी गेल्यावर मला कुणी विकत घेईल, नाहीतर वितळवतील. दोन्हीला माझी हरकत नाही. माझं एकच मागणं आहे: ज्याला चापावरचं बोट मागे घेता येत नाही, त्याच्या खांद्यावर मला देऊ नका.