शॅरनची रांग

शॅरनला बक्षीस जाहीर झालं तवा वस्तीत सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढं मी लोकांना लई नावं ठेवणार हाय, तवा हे ध्यानात असू द्या.

आमची वस्ती वडगाव रासाईच्या खाली, नदीकडं. शाळेची गाडी पोरांना फाट्यावर सोडती आन् फाट्यापासनं वस्ती दोन किलोमीटर, दोन्ही अंगाला ऊस. त्या उसात बिबट्या. शेजारच्या वस्तीवरची दोन वासरं त्यानं नेली, तरी रोज सांजच्याला आमची अकरा पोरं त्याच वाटेनं घरी येणार. बाया खुरपायला नायतर धारंला, गडी कंपनीत सेकंड शिफ्टला. "कुणीतरी आणायला गेलं पाहिजे," असं सगळीच म्हणायची. मी बी म्हणायची.

गेली शॅरन. सॅम्युएलभाऊंची थोरली, सतरा वर्षांची, बारावीला. शिरूरवरनं कॉलेज करून आली की घरी न जाता फाट्यावरच थांबायची. बारकी पोरं मधी, मोठी मागं, आपण काठी घेऊन पुढं. खिचडीच्या थाळ्या पोरांच्या दप्तरात असत्यातच, त्या चमच्यानं बडवायच्या आन् मोठ्यांदा गायचं. शॅरनला चर्चमधली गाणी येत्यात, म्हणून आमची पोरं बी तीच गायला लागली. एक-दोघींनी नाक मुरडलं. मी म्हणलं, बिबट्याला कुठं कळतंय गाणं कुणाचं हाय, पोरं धड घरी येत्यात ना, मग गप बसा. दोन वर्षांत एका पोराला ओरखडा आला न्हाई.

पण जूनमधी शॅरन नर्सिंगला पुण्याला जाणार होती. लहानपणापासनं तिचं तेच चाललेलं. मग पोरांचं काय? तिनंच शाळेच्या संस्थेला अर्ज केला, गाडी वस्तीपर्यंत आणा म्हणून. एक न्हाई, तीन अर्ज. संस्थेचे चेअरमन हौसराव आबा तिन्ही वेळा "बघू" म्हणले.

आन् एक दिवस आबा सोता वस्तीवर आले. खुर्चीत बसले, चहा घेतला. त्यांच्या मंडळानं पोरापोरींसाठी पुरस्कार काढला होता, 'किशोर रत्न'. वय तेरा ते एकोणीस. नेतृत्व, स्वयंसेवा आन् उद्योजकता, असे तीन. स्वयंसेवेत शॅरनचं नाव घातलं होतं. "दौंडला कार्यक्रम हाय, मोठे साहेब येणार हायत," आबा म्हणले. "पोरी, तुझा अर्ज तिथंच साहेबांच्या हातात दे. स्टेजवरनं सांगितलं की गाडी आलीच समज." शॅरनचा विश्वास बसला. माझा तर तिच्या आधी बसला.

दौंडला आम्ही टेंपोनं गेलो, पोरं थाळ्यांसकट. पत्रिकेत अकरा वाजता होतं, साहेब दीडला आले. मग सत्कार सुरू झाले. आधी साहेबांचा, मग साहेबांबरोबर आलेल्यांचा, मग पत्रिकेत नाव राहिलं म्हणून रुसून कोपऱ्यात बसलेल्यांचा. शाली संपल्या, तवा पहिल्या रांगेतल्या मानकऱ्यांच्या मांडीवरच्या शाली हळूच काढून त्याच पुढच्यांना घातल्या. बक्षिसवाली पोरं बाजूला उभीच. उद्योजकतेचा पुरस्कार आबांच्याच इंद्रजीतला. बापाच्या गोठ्यातलं दूध बाटलीत भरून त्यानं वर आपल्या नावाचं स्टिकर लावलं होतं. धार त्याला काढता येत न्हाई, पण भाषण झकास केलं.

शेवटी शॅरन. ढाल घेतली आन् अर्ज साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी चष्मा लावून सगळा वाचला, खोटं कशाला बोलू. मग माईक हातात घेतला. "या अर्जात गाडी मागितली आहे. मी म्हणतो, अशी वाघीण असताना या वस्तीला गाडीची गरजच काय? गाडी कुठंही मिळेल. हे धाडस कुठं मिळणार?"

काय टाळ्या पडल्या म्हणता! आबा उभं राहून वाजवत होते. मी बी वाजवल्या. वाजवून झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. वर शॅरन तशीच उभी, आन् फोटोवाला म्हणतोय, ताई, जरा इकडं बघून हसा.

पंधरा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. शॅरननं ते आम्हाला हापशावर वाचून दाखवलं. सदर मार्गावर मुलांना सुरक्षित नेण्याची व्यवस्था उत्तम प्रकारे सुरू असून तिची जाहीर दखल घेण्यात आली आहे, सबब गाडी वाढवण्याची आवश्यकता दिसून येत नाही. खाली आबांची सही.

माझं टाळकंच सरकलं. आबाला शिव्या घातल्या, साहेबाला घातल्या, इंद्रजीतच्या दुधाला बी सोडलं न्हाई. बोलून दमले आन् बघते तर सगळ्या बाया शॅरनकडं बघत उभ्या. मग मीच बोलले.

"शॅरन, एक वर्स थांबती का गं? पुढच्या साली जा. तंवर निघंल काहीतरी."

तिनं पत्राची घडी घातली. "काकू, कुणीतरी हे म्हणणार, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण ते तुम्ही म्हणाल, असं वाटलं नव्हतं." त्यापरीस तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जूनमधी तिची बॅग मीच एसटीत चढवली. त्या दिवसापासनं पोरं मी आणते. खुरपं टाकून निघते, मुकादम काय बोलायचं ते बोलतो. मी पुढं आन् सगळ्यात मागं माझी अनुपमा, चौदा वर्षांची. आषाढात एकदा ते जनावर मधोमध वाटेवरच बसलेलं. मी हातात काठी धरून नुसतीच उभी. अनुपमा मागनं पुढं आली, माझ्या हातातली काठी घेतली आन् थाळी बडवत तशीच उभी राहिली, ते उठून उसात जाईपर्यंत. मी कुणाला बोलले न्हाई. पण पोरं थोडीच गप बसत्यात.

श्रावणात आबांची गाडी फाट्यावर आमच्यापाशी थांबली. काच खाली झाली.

"धुरपदाबाई, नाव काढलंत. पण काय करता, आमच्या पुरस्कारात तुमचं वय बसत न्हाई." मग त्यांची नजर रांगेच्या शेवटाला गेली. "बिबट्या हाकलला ती पोरगी हीच का? वय काय हिचं?"

"चौदा," अनुपमाच बोलली. वेणी पुढं घेतली, ताठ उभी राहिली. तिचं तोंड असं फुललेलं मी कधी बघितलं न्हवतं. आजवर तिला कुणी मोठ्या माणसानं काही विचारलंच न्हवतं.

"बसती की मग," आबा म्हणले. "यंदा हिचंच नाव घालू."

मला हापशावर वाचलेलं ते पत्र आठवलं. "छ्या, आबा," मी म्हणलं. "पोरांचं काय ऐकता? ही कसली हाकलती! पाल दिसली तर घर डोक्यावर घेती. त्या दिवशी बी रडत माझ्या पदराआड लपली होती."

आबा हसले. रांगेतली दोन पोरं बी हसली. काच वर गेली आन् गाडी निघून गेली.

अनुपमानं वाटेनं थाळी बाहेर काढलीच न्हाई. घरापाशी आल्यावर म्हणाली, "आई, मी रडले न्हवते."

"व्हय गं. मला ठाव हाय," मी म्हणलं. पण तंवर ती आत निघून गेली होती.