प्रकृतीला जपून

गावाहून आलेल्या दादाने दुकानात शिरून आधी मशीनचं बटण बंद केलं. बारकीच्या हातातली चष्म्याची काच अर्धी घासायची राहिली. त्याने स्टूल ओढलं, तिला खांद्याला धरून बसवलं आणि ग्लास पुढे केला.

"आधी पाणी पी."

चाळिशी उलटली तरी घरात ती बारकीच होती. जन्मतःच काळजाला भोक. लहानपणी ऑपरेशन झालं, भोक बुजलं. घरच्यांची धास्ती तेवढी बुजली नाही. तिच्यासमोर कधी कोणी आवाज चढवला नाही, की रडलं नाही. आधी पाणी, मग बातमी, हे तिला तोंडपाठ होतं.

"कोण?" तिने विचारलं.

"बाबा. परवा."

"परवा?"

"काल सगळं उरकलं. तुला झेपलं नसतं, बारके. धक्का द्यायचा नाही, डॉक्टरच म्हणाले होते ना."

"तेव्हा मी फ्रॉक घालत होते, दादा. आताचे डॉक्टर म्हणतात, खुशाल डोंगर चढ."

दादाची बोटं तिच्या मनगटावर नाडी चाचपत होती.

"बाबांनी माझ्याबद्दल विचारलं?"

"सारखं. नजर दाराकडेच. मग सांगितलं, तिला जरा बरं नाही, दोन दिवसांनी येईल."

"मला काय झालं होतं?"

"काहीतरी सांगावंच लागणार होतं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, मला उठवा. मीच जातो तिच्याकडे. चपला मागत होते."

तिच्या घशाशी हुंदका आला. दादाने चटकन मान वर करून तिचे ओठ न्याहाळले, निळे पडतात की काय. तिने हुंदका गिळला आणि हात सोडवून घेतला.

गावच्या घरी ती उंबऱ्यात दिसताच रडण्याचे आवाज कापल्यासारखे थांबले. आईने पदराने डोळे कोरडे केले, तिच्या कपाळाला हात लावला आणि पंखा तिच्याकडे वळवला. सगळे तिच्याकडे बघत होते. बाबांच्या रिकाम्या पलंगाकडे बघायची तिला चोरी झाली. ती भिंतीला टेकून नुसती बसून राहिली.

अंधारून आल्यावर ती पाणी प्यायला उठली. स्वयंपाकघरात आत्या कुजबुजत होती.

"बाप गेला, पण पोरीच्या डोळ्यांतून टिपूस नाही हो, वहिनी. काळीज आहे की दगड?"

"असू द्या, वन्सं," आई म्हणाली. "तिच्या प्रकृतीला तेच बरं."