पहिला पडणारा

"हात आधी टेकवायचे नाहीत," मास्तर म्हणाले. "मेलेल्या माणसाला मनगट मोडायची काळजी नसते."

शिंपीणबाई गादीवरून उठल्या, कपडे झटकले आणि पुन्हा जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी पत्र्याची तलवार फिरवली. बाईंनी डोळे मिटले, गुडघ्यातून सैल झाल्या आणि धपकन पडल्या. हात अंगाखालीच राहिले. अंगणात गोळा झालेल्या बिऱ्हाडकरूंनी टाळ्या वाजवल्या. कोणाच्या हातात पडद्याची दांडी होती, कोणाच्या हातात पोछ्याचा दांडा. इमारतीचे सेक्रेटरी निवृत्त माणूस, ते छत्री घेऊन आले होते.

"मास्तर," सेक्रेटरींनी विचारलं, "पडायचं झालं. मारायला कधी शिकवणार?"

"पडायची भीती गेल्याशिवाय हातात मारायची ताकद येत नाही."

हे उत्तर इतकं भारदस्त होतं की सेक्रेटरींनी मान डोलावली आणि निमूटपणे गादीपुढच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मास्तरांनी मात्र घाम पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. पुढचं काही त्यांच्याकडे असतं तर त्यांनी शिकवलं नसतं होय? पण नव्हतं. त्यांची सगळी विद्या एवढीच.

एके काळी शहराबाहेरच्या स्टुडिओत सामुराईचे, म्हणजे जपानी तलवारबाजांचे, सिनेमे निघायचे. कुठले कोण सामुराई, कुठली त्यांची इमानदारी, पण लोक वेड्यासारखे बघायचे. त्या प्रत्येक सिनेमात एक ठरलेली मारामारी असे. नायक मधोमध शांत उभा, भोवती तलवारी उपसलेले गुंड. सगळ्यांनी एकदम तुटून पडावं एवढी अक्कल त्यांच्यातल्या एकालाही नसायची. आधी एकच जण ओरडत धावायचा आणि नायक त्याला आडवा करायचा, म्हणजे मग बाकीच्यांना चेव येई. तो आधी धावणारा म्हणजे आपले मास्तर. स्टुडिओत त्यांना कोणी नावाने हाक मारलीच नाही. पुकारा व्हायचा तो "पहिला कुठाय? पहिल्याला बोलवा," असा.

त्यांच्या झग्याची डावी कूस कच्च्या टाक्यांनी शिवलेली असे. पडताना ती उसवायची आणि आतला लाल कपडा दिसायचा. दिग्दर्शक "कट" म्हणेपर्यंत पहिला हलत नसे, मग अंगावरून मुंग्या जावोत की घोडे. उठला की तो एवढंच विचारायचा, बरोबर झालं का, परत घ्यायचं का. उत्तर कोणी देत नसे, कारण तोवर सगळे नायकाला पाणी द्यायला धावलेले असत. झगा मागच्या खोलीत जाई आणि कूस शिवून परत येई.

मग स्टुडिओ बंद पडला. मास्तर पुतण्याच्या घरी आले आणि त्यांची कॉट बाल्कनीत, कपडे धुवायच्या यंत्राशेजारी लागली. यंत्र फिरायला लागलं की कॉटही थरथरायची. सूनबाई वाईट नव्हती, पण मास्तर खोकले तरी ती पडदा ओढून घ्यायची. अशात एक दिवस शिंपीणबाई दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमची इमारत पाडायला काढलीय, ठेकेदार माणसं पाठवून धमकावतोय, आम्हाला कोणीतरी शिकवणारं हवंय. जिन्याखालची खोली देऊ, दोन्ही वेळचं जेवण देऊ. सेक्रेटरींनी फक्त एक विचारलं होतं, तुम्ही किती लढाया लढलात. मास्तर म्हणाले, मोजल्या नाहीत. हे अगदी खरं होतं. निकाल काय लागला ते कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

जिन्याखालच्या खोलीला दार होतं, आणि ते आतून लावता येत होतं. पहिल्या दुपारी मास्तर त्याची कडी नुसतीच लावत आणि काढत बसले होते. आता आपलं बिंग फुटलं की ही खोलीही गेली, या धास्तीने ते जेवण भराभर उरकून उठायचे. आणि वर ही भाबडी माणसं त्यांच्या भरवशावर राहिलेली. लाज वाटायची त्यांना, पण बाल्कनीची आठवण आली की ती लाज गिळून ते पुन्हा गाद्या अंथरायला जात.

बिऱ्हाडकरू मात्र खुशीत होते. इतकी वर्षं जिन्यात एकमेकांना चुकवणारी माणसं आता अंगणात एकमेकांच्या अंगावर पडत होती. तळमजल्यावरच्या आजींना पाठीवर पडणं जमत नव्हतं, त्या खुर्चीतल्या खुर्चीत मान टाकायला शिकल्या. सेक्रेटरींना मरताना दोन शब्द बोलायची फार हौस. मास्तरांनी त्यांना समजावलं की शेवटचे शब्द नायकाला असतात, आपण नुसतं पडायचं. सेक्रेटरी त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे.

इमारत पाडायचं यंत्र आलं ते सकाळच्या चहाच्या वेळी. पिवळं, अवजड, पुढे लोखंडी जबडा. त्याच्या पुढे ठेकेदाराचा माणूस मोबाइलवर बोलत चालला होता. अंगाने आडवा, चेहऱ्याने कंटाळलेला. मागे त्याची पोरं च्युइंगम चघळत होती. बिऱ्हाडकरूंनी दांड्या घेऊन दारासमोर रांग धरली. रांगेपुढे मास्तर, अंगात तो जुना झगा, डोक्यावर कसर लागलेला शेंडीचा टोप. पोरांना हसू आवरेना.

"काका, बाजूला व्हा," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. "मला संध्याकाळच्या आत दुसरीकडे जायचंय."

आज तरी उभं राहायचं, मास्तरांनी स्वतःला बजावलं. निदान आज तरी. त्यांनी तलवार उपसली, आरोळी ठोकली आणि धावले. माणूस दचकला. मोबाइल धरलेला हात त्याने तोंडापुढे घेतला.

समोरचा हात वर गेलेला दिसला, आणि जन्मभर जे केलं तेच मास्तरांच्या अंगाने केलं. पाय जागच्या जागी थबकले, कंबर वळली, तलवार सुटली, डावी कूस टरकन उसवली आणि मास्तर जमिनीवर पसरले. इतकं सुरेख ते कधीच पडले नव्हते. हे लक्षात आलं तेव्हा ते मातीत तोंड खुपसून पडलेले होते आणि सगळं हातचं गेलेलं होतं.

पण बिऱ्हाडकरूंना दुसरं शिकवलं होतं काय? मास्तर पडलेले पाहिले आणि रांगच्या रांग कोसळली. सेक्रेटरी छत्रीसकट गेले. आजींनी खुर्चीत मान टाकली. दांड्या खणखणत एकमेकींवर पडल्या, आणि मग अंगणात चिटपाखरूही हलेना.

"अरे, मी हातसुद्धा लावला नाही," ठेकेदाराचा माणूस पोरांना म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. यंत्राचा चालक खाली उतरला. त्याने पडलेल्या माणसांकडे पाहिलं, चावी खिशात टाकली आणि सांगितलं की माणसांवरून यंत्र न्यायला मी इथे आलेलो नाही. तो भिंतीच्या सावलीत जाऊन बसला.

मास्तरांना मातीत पडल्या पडल्या विश्वास बसेना. जमलं की काय? यंत्राचा आवाज थांबला होता. अंगणात बाया-बाप्ये काय झकास मेले होते.

मग सेक्रेटरींना शिंक आली.

ठेकेदाराचा माणूस मुकादमाच्या धंद्यात मुरलेला. तो चिडला नाही की ओरडला नाही. त्याने पोरांकडून एक खुर्ची मागवली आणि अंगणाच्या कडेला मांडून बसला. नुसता बसला. ऊन वर चढलं. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या वाजायला लागल्या, आणि एक बाई हळूच उठून गेली ती खाली आलीच नाही. एकाला कामाची पाळी गाठायची होती. एकाचं लहानगं शाळेतून यायचं होतं. उठताना प्रत्येक जण मास्तरांकडे बघे आणि नजर चुकवून निघून जाई. आजींना औषधाची वेळ झाली म्हणून खुर्चीसकट आत नेलं. शेवटी सेक्रेटरी उठले. छत्री उघडून ते ठेकेदाराच्या माणसाजवळ गेले आणि सामान हलवायला ट्रक मिळेल का, असं दबक्या आवाजात विचारू लागले.

मास्तर तसेच पडून होते. त्यांच्या पलीकडे, हात अंगाखाली दाबून, शिंपीणबाई पडल्या होत्या.

"मास्तर," बाई पुटपुटल्या.

"मेलेल्याने बोलायचं नसतं."

"तुमच्या झग्याची डावी कूस मीच शिवायचे. मागच्या खोलीत."

मास्तरांनी डोळे उघडले. माती डोळ्यांत गेली तरी ते बघत राहिले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी एकदाही जिंकलो नाही ते?"

"कूस रोज उसवून यायची. न कळायला काय झालं?"

"मग मला कशाला आणलंत?"

जिन्यातून कोणाचं तरी कपाट उतरवल्याचा आवाज येत होता.

"इमारत जाणारच होती," त्या म्हणाल्या. "शेजारची पाडली तेव्हा माणसं चपला टाकून पळाली होती. तसं नको वाटलं मला."

ट्रक आले. गाद्या, कपाटं, बाईंचं शिलाईचं मशीन, सगळं फाटकाबाहेर गेलं. चालक नाइलाजाने आपल्या जागेवर चढला. ठेकेदाराचा माणूस येऊन मास्तरांजवळ उकिडवा बसला आणि बऱ्यापैकी अदबीने म्हणाला, "काका, उठा आता. ऊन लागेल."

मास्तर हलले नाहीत. हट्ट नव्हता तो. आपण होऊन उठणं त्यांना कधी आलंच नव्हतं. माणसाला वाटलं, म्हातारा ऐकत नाही. तो पोरांना हाक मारणार तेवढ्यात शिंपीणबाई उठून उभ्या राहिल्या.

"कट," त्या म्हणाल्या.

मास्तर उठले. त्यांनी माती झटकली, टोप सरळ केला आणि इकडेतिकडे पाहिलं. मग सवयीने विचारलं, "बरोबर झालं का? की परत घ्यायचं?"

बाईंनी रिकाम्या खिडक्यांकडे एकवार पाहिलं.

"बरोबर झालं," त्या म्हणाल्या. "परत नाही घ्यायचं."

यंत्र घरघरायला लागलं. पोरं लोकांना मागे सारत होती. बाईंनी गळ्याशी टोचून ठेवलेली सुई काढली, त्यातला दोरा ओढून पाहिला आणि मास्तरांना हात वर धरायला सांगितलं. यंत्राचा जबडा जिन्याखालच्या खोलीकडे वळला तेव्हा त्या त्यांची डावी कूस शिवत होत्या. या वेळी टाके पक्के होते.