मी घेतलेली दोन नावं

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. फिलिपिन्समधल्या समार बेटावरच्या आमच्या गावात, कार्यालयासमोरच्या खांबावर गंजत टांगलेला.

"हॅलो, हॅलो. कुणाची तरी पांढरी शेळी शाळेत शिरलीय. घेऊन जा, नाहीतर ती पास होईल!"

असलं ओरडण्यात वीस वर्षं गेली. वादळाची वर्दी मीच द्यायचो. लोक मला दुवा द्यायचे.

मग ती सकाळ.

आमच्याकडे भांडण झालं की गावप्रमुख, म्हणजे आमचे कपितान, माझ्यातून दोन्ही घरांना हाक मारतात. दोघं बाकावर बसतात, हात मिळवतात, मिटलं. कोंबड्याचं भांडण असो की कुंपणाचं. चौदा वर्षांचा एक मुलगा शेजारच्या लहान मुलीच्या शरीराशी नको तसा वागला, तेव्हाही कपितान होनोरातोंनी माइकच उचलला.

"........ आणि ........, यांच्या आईबापांनी यावं. त्या प्रकरणाबद्दल."

ती टिंबं मी आज घातली आहेत. तेव्हा नावं घेतली होती. खणखणीत.

बाकावर हात मिळवले गेले. मुलीला कुणी काही विचारलं नाही. मुलाला मावशीकडे धाडलं. तिथेही लहान मुली होत्या. त्याच्या घरावर दगड पडले. त्या मुलीने शाळा सोडली.

महिन्याभराने तालुक्याहून समाजसेविका डेलियाताई आल्या. शिक्षिका, सुईण, तीनचाकीवाला बोनिंग, सगळ्यांना समोर बसवून त्यांनी विचारलं, "कपितान, शेळी हरवली होती का?"

कुणी हसलं नाही.

"मग पोराला तुरुंगात घालू?" कपितान चिडले.

"नाही. मोकळंही सोडायचं नाही. लहान मुलांपासून लांब, सतत मोठ्यांच्या नजरेखाली. दर गुरुवारी समुपदेशकाकडे. हे सगळं कसं करायचं, तेच आपल्याला शिकायचंय. आणि आधी त्या मुलीचं ऐकायचं."

"गुरुवारी मी नेतो," बोनिंग म्हणाला. "कुणी विचारलं तर सांगेन, पोराचा दात दुखतोय."

"दर गुरुवारी? बत्तीस पुरतील का रे?" सुईणबाई म्हणाल्या. तेव्हा कुठे लोक हसले.

मावशीकडून मुलाला त्याच दिवशी आणलं आणि घरात लहान मूल नसलेल्या एका आजोबांकडे ठेवलं.

कपितान मुलीच्या घरी चालत गेले. दारात उभं राहून म्हणाले, "बाळ, चुकलो मी."

आतून आवाज आला, "तो भोंगा खरखरला की मला माझंच नाव ऐकू येतं."

त्यांनी परत येऊन माझी तार काढली. फक्त वादळासाठी जोडायची, असं ठरलं. शेळ्यांचे मालक आता दारोदार विचारत फिरतात.

परवा ती दप्तर घेऊन आली. माझ्याखाली थांबली, वर बघितलं. वारा होता. मी खरखरलो नाही. ती शाळेत गेली.

मित्रांनो, गंज काढा, तेल घाला, असं मी मागणार नाही. अशा गोष्टी दडपू नका. फक्त त्या सांगायला माझ्याकडे येऊ नका. त्या दारापर्यंत चालत जा.