वजरी तरंगली, वजरी बुडली

मित्रांनो, मी एक जुनी वजरी आहे. न्हाणीघरात टाच घासायला असते ना, तीच. मात्र मी दुकानातली नाही. दूर समुद्रात एक बेट आहे, तिथली मी. तिथे माणूस नाही, झाड नाही, देऊळसुद्धा नाही. मधोमध धुमसता डोंगर, माथ्यावर खोल विवर, भोवती काळी वाळू आणि कड्यांवर कलकलणारे समुद्रपक्षी. एकदा तो डोंगर फुटला. त्याच्या उकळत्या फेसाचा एक गोळा उडाला, निवला, ती मी! फेसातली हवा माझ्या छिद्राछिद्रांत अडकली, म्हणून मी पाण्यावर तरंगते. तेव्हापासून जिवाला स्वस्थता ठाऊक नाही. लाटा नेतील तिकडे गेले. किती वर्षं, ते देव जाणे.

गव्हाणच्या खाडीकाठी भामाआजीने मला उचललं. तिचा उभा जन्म मिठागरात गेलेला, टाचांना ह्या मोठाल्या भेगा. रोज टाचा घासायची, मग मला उन्हात वाळत ठेवायची आणि कीर्तन असेल त्या संध्याकाळी देवळात जायची. मला वाटे, एवढी वणवण केली ती याच पायांसाठी.

एक दिवस मी तिच्या हातून निसटून बादलीत पडले. शेजारचे भगवानदादा ओरडले, "अगो भामे, दगड तरंगतोय! रामसेतूचा दगड हाय ह्यो!"

झालं! मला देवळातल्या काचेच्या हंडीत सोडलं. फुलं काय, नमस्कार काय, मोबाईलवर फोटो काय! भामाआजी मात्र आत येईना. "देवाला पाय लावलेत मी. कंच्या तोंडानं येऊ?" म्हणायची आणि बाहेर मागच्या भिंतीशी बसून कीर्तन ऐकायची. तिच्या टाचा पुन्हा फुटल्या, आणि मी हंडीत नुसती गोल गोल फिरत होते.

ना ऊन, ना वारा. छिद्रांत पाणी शिरत गेलं. ऐन कीर्तनाच्या दिवशी मी तळाला गेले.

"बघा! भामेनं टाचा घासल्या ना, म्हणून देव बुडला," भगवानदादा म्हणाले. भिंतीमागून हुंदका आला. ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, मी पाणी प्यायले! पण दगडाला कुठलं तोंड?

कीर्तनाचा पूर्वरंग संपला. हार घालून घ्यायला थांबलेल्या कीर्तनकार अवधूतबुवांनी हंडीत हात घातला, मला काढलं, पाटावर बसले आणि चक्क आपली टाच घासू लागले!

"बुवा, देव हाय तो!"

"भगवानराव, तरंगला तर देव आणि बुडला तर भामाबाईंचं पाप? कुठल्या पोथीत वाचलंत? अनवाणी उभं राहून माझ्याही टाचा फुटल्यात." मग भिंतीकडे वळून म्हणाले, "भामाबाई, वजरी झकास आहे हो! न्यायला आत या. तोवर उत्तररंग नाही!"

पेटी थांबली. आजी लंगडत आली. बुवांनी मला तिच्या ओंजळीत ठेवलं. भगवानदादा सरकले आणि तिला पुढे जागा झाली.

मित्रांनो, मला हार नकोत. काम द्या, आणि काम झालं की ऊन द्या. घरातल्या थकल्या पायांकडेही अधूनमधून बघत जा.

उन्हात मी पुन्हा खडखडीत वाळले. परवा बादलीत पडले आणि टुणकन वर आले. आजीने दाराकडे पाहिलं. भगवानदादा अंगणातच होते. तिने मला पटकन पदराखाली घेतलं.

"गप ऱ्हा गो बाय," ती पुटपुटली, "आज कीर्तन हाय. टाचा घासायच्यात."